ताण अंगावर कुठे दिसतो आणि तो कसा तपासायचा

ताणाखाली असलेल्या माणसाला विचारलं तर तो बहुधा 'तसं काही नाही, जरा धावपळ चालू आहे' एवढंच म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. ताण हळूहळू चढतो आणि माणूस ज्या पायरीवर असेल तिलाच सपाटी समजू लागतो. दोन-तीन महिने रोज पाच तास झोपणाऱ्याला पाच तास म्हणजेच पुरेशी झोप वाटायला लागते. म्हणून 'मला ताण आहे का?' असं मनाला विचारून फारसं काही हाती लागत नाही. तोच प्रश्न जबड्याला, खांद्यांना, श्वासाला, नाडीला, झोपेला आणि वागण्याला विचारावा लागतो. पुढची तपासणी दोन आठवड्यांची आहे. रोजची पाच-सात मिनिटं, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक वही एवढं पुरतं.

आत काय घडतं

धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अॅड्रिनलिन हे संप्रेरक सोडतात. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली 'लढा किंवा पळा' म्हणून मांडलेली ती हीच तयारी. हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं, लाळ आटते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात. तोंडाला कोरड पडणं, पोटात गोळा येणं, हातपाय गार पडणं, छातीत धडधडणं हे सगळे आपण बोलताना सहज वापरतो ते वाक्प्रचार म्हणजे याच बदलांचं अचूक वर्णन आहे. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र सावकाश चढतं. प्रसंग सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची रक्तातली पातळी सर्वांत वर जाते. भांडण दहा मिनिटांत मिटलं तरी पुढचा अर्धा तास कामात लक्ष का लागत नाही, हे यावरून कळेल. तपासणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की प्रसंग घडल्या घडल्या एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा स्वतःकडे पाहायचं.

१९३६ साली हान्स सेल्ये या ताणाच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजा वेगवेगळ्या प्रकारची असली तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा एकसारखा असतो. त्यांनी त्याचे तीन टप्पे सांगितले: आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार आणि शेवटी थकवा. हे चित्र आज बरंच सोपं केलेलं वाटतं, पण त्यातला मधला टप्पा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या काळात माणूस कामं उरकतो, जबाबदाऱ्या निभावतो, कौतुकही मिळवतो. किंमत मात्र आतून मोजली जात असते. लक्षणं शोधायची ती याच टप्प्यात. सगळं कोसळल्यावर ओळखायला कुणाचीच गरज लागत नाही.

आधी आपलं 'नेहमीचं' ठरवा

लक्षणांची तयार यादी घेऊन बसलं की कुणालाही दहा-बारा लक्षणं लागू पडतात. त्यामुळे मोजायचा तो बदल. एखाद्याची नाडी एरवीच ८२ असते, एखादीला लहानपणापासून उशिरा झोप लागते. त्यांच्यासाठी तो ताण नव्हे. पण ६४ ची ७४ झाली आणि आठवडाभर तिथेच राहिली, तर ती नोंद घ्यायलाच हवी.

नाडी सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी मोजा. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण त्याला स्वतःचे ठोके असतात आणि मोजणी चुकते. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण साठ सेकंद मोजा. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी ६० ते १०० मध्ये असणं सर्वसाधारण मानतात, पण आपल्याला हवा आहे तो आपला स्वतःचा आकडा. सलग सात सकाळींची सरासरी काढा. ताप, अपुरं पाणी, आदल्या रात्रीचं मद्य आणि पाळीच्या आधीचे दिवस यांनीही नाडी वाढते, तेव्हा शेजारी तसं लिहून ठेवा.

आणखी चार गोष्टी लिहा: बरं चाललेलं असताना तुम्हाला झोप लागायला किती वेळ लागतो, दिवसातून किती वेळा चहा-कॉफी होते, पोट कधी आणि कसं साफ होतं, आणि आवडीच्या गोष्टीसाठी आठवड्यात किती वेळ काढता. बरा काळ आठवतच नसेल, तर घरातल्या माणसाला विचारा. आठवत नाही, हीसुद्धा एक नोंदच आहे.

स्मार्ट घड्याळातला 'स्ट्रेस स्कोअर' यासाठी फारसा कामाचा नाही. तो मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं यावरून काढतात. व्यायाम, मद्य, ताप, सैल पट्टा, सगळ्यांनी तो हलतो. आणि आनंदाची उत्तेजना व काळजी यांतला फरक त्याला कळत नाही. आठवड्याचा कल पाहायला ठीक, एका दिवसाचा आकडा पाहून घाबरायला नको.

जबडा, खांदे, श्वास

या तिन्ही जागांवर ताण लवकर दिसतो आणि इथे हात लावून खात्री करता येते, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

जबडा विश्रांतीत असताना ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटलेले असतात आणि जीभ वरच्या दातांच्या मागे सैल टेकलेली असते. दात फक्त चावताना आणि गिळताना एकमेकांना लागायला हवेत. आत्ता वाचताना तुमचे दात टेकलेले आहेत का, पाहा. मग दोन्ही गालांवर, कानाच्या थोडं पुढे आणि खाली बोटं ठेवून दात आवळा. बोटांखाली टणक फुगवटा येईल तो चावण्याचा स्नायू. सोडल्यावर तो मऊ पडायला हवा. तो तसाच कडक राहिला, दाबल्यावर दुखला, किंवा सकाळी तोंड उघडताना जबडा आखडलेला वाटला, कानशिलं ठणकली, तर झोपेत दात खाण्याची शक्यता आहे. गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरट कड आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसले तर ती शंका बळावते. पक्कं निदान दंतवैद्य करतील. दात झिजल्याचं त्यांनाच आधी दिसतं.

खांद्यांची परीक्षा आणखी सोपी. श्वास घेत दोन्ही खांदे कानांकडे उचला, पाच सेकंद धरा आणि एकदम सोडून द्या. आता ते आधी होते त्याच्या खाली आले का? आले असतील तर इतका वेळ तुम्ही ते उचलूनच बसला होतात. दिवसातून चार वेळा करा आणि वेळ एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा: फोन ठेवला की, दार बंद केलं की, स्क्रीन सुरू केली की. 'आठवेल तेव्हा' ठरवलं तर आठवत नाही, आणि ज्या दिवशी ताण जास्त त्या दिवशी तर मुळीच नाही.

श्वास मोजायला मात्र अवघड, कारण मोजायला लागलं की तो बदलतो. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून आधी मिनिटभर दुसरंच काही वाचा, मग कुठला हात जास्त हलतो ते पाहा. शांत बसलेल्या माणसाचा पोटावरचा हात जास्त हलतो. फक्त वरचा हलत असेल, मध्येच खोल सुस्कारे येत असतील, संदेश वाचताना श्वास रोखला जात असेल, तर लिहा. शांत बसलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. दुसऱ्या कुणाला तुमच्या नकळत मोजायला सांगितले तर आकडा खरा मिळतो. भराभर वरवर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना येणाऱ्या मुंग्या, हलकं वाटणारं डोकं, 'श्वास पुरत नाही' अशी भावना, हे बऱ्याचदा त्याचेच परिणाम. गंमत अशी, की श्वास पुरत नाही म्हणून माणूस आणखी जोरात घेतो आणि त्रास वाढवतो.

डोकेदुखीबद्दल एक खबरदारी. ताणाची डोकेदुखी सहसा दोन्ही बाजूंना, पट्टा आवळल्यासारखी असते आणि चालण्याफिरण्याने वाढत नाही. एका बाजूला ठणका, मळमळ आणि उजेड सहन न होणं हे अर्धशिशीकडे बोट दाखवतं. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या होत असतील, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरू शकतात. तेव्हा गोळीही वहीत लिहायची.

पोटाच्या तक्रारीत वेळ पाहा. महत्त्वाच्या कामाच्या सकाळी दोन-तीन वेळा पळावं लागणं आणि सुट्टीच्या दिवशी काहीच नसणं, हा ताणाचा ओळखीचा नमुना आहे. केसांचा हिशेब उलटा असतो. मोठ्या ताणानंतरची केसगळती साधारण दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, त्यामुळे केस आत्ता गळत असतील तर कारण मागच्या महिन्यांत शोधा. रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच आहे. खाज, इसब, सोरायसिस उफाळणं, पाळी लांबणं, कामेच्छा कमी होणं, वारंवार सर्दी होणं या गोष्टीही तारखेसह लिहा. त्यांची कारणं अनेक असल्याने एकट्यावरून निष्कर्ष काढू नका.

झोप

'झोप नीट नाही' एवढ्यावरून काही कळत नाही, चार प्रश्न वेगळे करा. लागायला किती वेळ लागला? मध्ये किती वेळा जाग आली आणि पुन्हा लागायला किती वेळ गेला? ठरल्यापेक्षा लवकर जाग आली का? उठल्यावर ताजंतवानं वाटलं का? ३० मिनिटांहून जास्त वेळ झोप न लागणं किंवा मध्यरात्री तेवढाच वेळ जागं राहणं आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री होत असेल, तर ते गंभीरपणे घ्या. असं तीन महिने चाललं तर वैद्यकीय भाषेत तो जुनाट निद्रानाश ठरतो. मात्र हे आकडे सकाळी अंदाजाने लिहा. रात्री घड्याळ बघत बसलात तर मोजणीच झोप घालवेल.

दुपारनंतरची कॉफी इथे हमखास गोंधळ घालते. कॅफीन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्यातलं निम्मं रात्री दहालाही अंगात असतं. म्हणून या दोन आठवड्यांत निदान दुपारी दोननंतर कॅफीन नको, नाहीतर झोपेच्या नोंदी वाचता येणार नाहीत. मद्याने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, तेही लिहून ठेवा. आणखी एक: जोरात घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा पेंगणं असेल तर तो ताण नसून झोपेतला श्वासरोध असू शकतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

वागण्यातल्या खुणा

शरीरापेक्षा वागणं जास्त बोलकं असतं, पण ते स्वतःला दिसत नाही. भावना विचारू नका, घडलेल्या गोष्टी मोजा. 'आज चिडचिड झाली का?' याला सगळेच 'विशेष नाही' म्हणतात. 'आज किती वेळा कुणाचं बोलणं मध्येच तोडलं?' याला आकडा येतो. अशीच आणखी मोजमापं: एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागणं, हातातली वस्तू शोधत फिरणं, काही कारण नसताना फोन उघडणं, न उघडलेल्या संदेशांचा ढीग, उभ्या उभ्या जेवणं किंवा जेवण विसरणं, गाडी चालवताना वाढलेले कचकन ब्रेक आणि हॉर्न, सिगारेटची संख्या, अंघोळ पुढे ढकलणं, कपडे निवडणं यांसारखा क्षुल्लक निर्णयही जड जाणं.

यात दोन फसवे प्रकार आहेत. काही माणसं ताणाखाली भडकत नाहीत, गप्प होतात. हाक मारली तर उत्तर देतात, पण स्वतःहून विषय काढत नाहीत, विनोदाला हसत नाहीत. शांत माणूस म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. दुसरा प्रकार कामात झोकून देणाऱ्यांचा. सगळं घर झाडून काढणं, रात्री अकराला ईमेलला उत्तर देणं, रिकामे दहा मिनिटंही न सोसणं. याची वाहवा होते म्हणून ते लक्षणांत कुणी धरत नाही. आमच्या मते या यादीतलं सर्वांत निसटणारं लक्षण हेच.

घरच्यांपैकी एकाला किंवा रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याला एकच प्रश्न विचारा: 'गेल्या महिनाभरात माझ्यात काय बदललेलं दिसतं?' उत्तर ऐकताना खुलासा करू नका. खुलासा सुरू झाला की समोरचा हात आखडता घेतो.

मुलांमध्ये हे सगळं वेगळ्या वाटेने येतं. शाळेच्या सकाळी पोट दुखणं आणि सुट्टीत न दुखणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, अंगठा चोखणं, एकट्याने झोपायला नकार. मूल 'मला काळजी वाटते' म्हणत नाही, 'पोट दुखतं' म्हणतं, आणि ते खरोखर दुखत असतं.

चौदा दिवसांची वही

दिवसातून दोनदा, प्रत्येकी दोन मिनिटं. सकाळी झोपेची चार उत्तरं आणि नाडी. संध्याकाळी शरीरात काय जाणवलं व कधी, वागण्यातली दोन-तीन मोजमापं, मनाची अवस्था ० ते १० मध्ये, आणि दिवसात काय घडलं ते एका ओळीत. नोंद साधारण अशी दिसेल: 'मंगळवार. झोप लागायला ५० मि., पहाटे ४ ला जाग. नाडी ७६. अकराच्या बैठकीआधी पोटात गोळा, साडेअकरापर्यंत हात गार. तीनदा बोलणं तोडलं. जबडा दुपारी कडक. मन ४. बहिणीला फोन करायचा टाळला.' 'ताण' हा शब्द लिहायचा नाही. तो लिहिला की निरीक्षण थांबतं आणि निष्कर्ष सुरू होतो.

चांगल्या गोष्टीही लिहा. लग्न, बढती, नवं घर हेही शरीराकडून वसुली करतात. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण होते आणि लग्नाला तब्बल ५०.

पंधराव्या दिवशी वही सलग वाचा. चौदापैकी चार-पाच दिवस आलेल्या नोंदींवर खूण करा. हा आमचा ढोबळ निकष आहे, वैद्यकीय नाही. मग आधी-नंतर पाहा: कुठलं लक्षण कशाच्या मागोमाग आलं, आणि सगळ्यांत पहिलं कुठलं? बहुतेकांचं एक ठरलेलं पहिलं लक्षण असतं. कुणाचा जबडा, कुणाचं पोट, कुणाचं फोन न उचलणं. ते सापडलं की पुढच्या वेळी वही भरायची गरज उरत नाही. सुट्टीच्या पहिल्या दिवशी डोकं दुखत असेल तर त्यालाही मोजा. ताण उतरताना डोकं दुखणं अनेकांना होतं आणि 'सुट्टीत कसला ताण' म्हणून ते वगळलं जातं.

आकडा हवा असेल तर मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली तयार केलेली ताण-जाणिवेची प्रश्नावली वापरता येते. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिन्याबद्दल विचारतात, गुण ० ते ४० मध्ये येतात. हमखास चूक अशी, की ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक असल्याने त्यांचे गुण उलटे धरायचे असतात (० चे ४, १ चे ३) आणि लोक ते सरळच मिळवतात. आणि ही आजार ठरवणारी चाचणी नाही. आजचे गुण आणि सहा आठवड्यांनंतरचे गुण यांची तुलना करणं हा तिचा खरा उपयोग.

जे ताणासारखं दिसतं पण ताण नसतं

'सगळं टेन्शनमुळे' ही सर्वांत महागात पडणारी चूक. धडधड, हातांना कंप, घाम, वजन घटणं आणि उकाडा सहन न होणं हे थायरॉइड ग्रंथीचं काम वाढल्याचं चित्र असू शकतं. दम लागणं, फिकेपणा आणि थकवा रक्तक्षयात येतो. मुंग्या आणि विसरभोळेपणा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड आणि थायरॉइडच्या गोळ्यांचा जास्त झालेला डोस यांनीही छाती धडधडते, झोप उडते. शौचातून रक्त, पोटदुखीने किंवा जुलाबाने झोपेतून उठावं लागणं, प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, अचानक आलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, यांतलं काहीही ताणाच्या खात्यात टाकू नका.

छातीवर दाब, तो हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणं, दम लागणं, गार घाम, असं झालं तर 'पॅनिक असेल' असं घरी ठरवत बसू नका. पॅनिकचा झटका सहसा दहाएक मिनिटांत शिगेला पोचून ओसरतो हे खरं, पण पहिल्यांदा येणाऱ्याने तो फरक ओळखायची जबाबदारी घेऊ नये. रुग्णवाहिका बोलवा.

नैराश्याची सीमारेषाही पाहा. ताणात ओझं उतरलं की माणूस सावरतो, सुट्टीत हसतो. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडे जा. फक्त कामाच्याच बाबतीत दमछाक, कामाविषयी कडवट अलिप्तपणा आणि 'माझ्याकडून काही होत नाही' अशी भावना, या तिन्ही एकत्र दिसल्या तर ती जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नोंदलेली 'बर्नआउट'ची अवस्था. तो आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलेला आहे. जगणं नको वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, यासाठी मात्र चौदा दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकटं राहू नका, आपत्कालीन मदत घ्या.

डॉक्टरांकडे जाताना वही तशीच्या तशी देऊ नका, कुणी वाचत नाही. एका पानावर पाच ओळी न्या: त्रास कधीपासून, आठवड्यात किती दिवस, सकाळच्या नाडीची आधीची आणि आत्ताची सरासरी, झोपेचे आकडे, चालू असलेली सगळी औषधं. गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, साखर किंवा ईसीजी सांगितला जाईल. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. अर्धा तास आधी कॉफी किंवा सिगारेट नको. रिपोर्ट नॉर्मल आले की बहुतेक जण उठून निघतात. तसं न करता बसून राहा आणि विचारा: 'हे आजाराचं नसेल, तर या नोंदींचं पुढे काय करायचं?' समुपदेशकाची चिठ्ठी, रजेचा सल्ला किंवा झोपेवरचे उपचार या प्रश्नानंतरच पुढे येतात.